खोड मोजणारा कायदा आणि मरणारे ओक

लॉस एंजलिस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ओकच्या झाडाला कायद्याचं कवच मिळतं ते त्याचं खोड आठ इंच जाड झाल्यावर. माप घ्यायचं जमिनीपासून साडेचार फुटांवर. हा नियम १९८२चा आहे. लॉस एंजलिस शहराने ही मर्यादा चार इंचांवर आणली, थाउजंड ओक्स गावात ती दोन इंच आहे. कॅलिफोर्नियातल्या इतर अनेक गावांचे नियमही याच चालीवर आहेत: खोडाला टेप लावा, आकडा मर्यादेपुढे गेला तर परवानगीशिवाय झाड तोडू नका. या नियमांमुळे कित्येक जुनी झाडं आज उभी आहेत आणि ते रद्द व्हावेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण घराच्या आवारातला ओक करवतीने क्वचित मरतो. तो मरतो पाण्याने, मातीच्या भरावाने, नळासाठी खणलेल्या चराने. हे सगळं जमिनीखाली घडतं आणि झाड वाळायला पाच-दहा वर्षं जातात. खोड मोजणारा कायदा तिथे पोचतच नाही. म्हणून कायद्याने खोडाआधी जमीन मोजावी, आणि जाड खोडाइतकंच मोल वीतभर रोपाला द्यावं, असं मला ठामपणे वाटतं.

हा विषय मराठी वाचकाला वाटतो तितका परका नाही. कूपरटिनो, सॅन होजे, फ्रीमाँट या पट्ट्यात आता मराठी घरं भरपूर आहेत. तिथे घर विकत घेताना अंगणातला शंभर-दीडशे वर्षांचा लाइव्ह ओकही आपल्या नावावर होतो. त्याचं काय करायचं, हे आपल्या हवामानात शिकलेल्या सवयींवरून ठरवलं तर मात्र घात होतो.

तो ओळखायला सोपा आहे. पान लहान, कडक, पाठ फुगलेली, कडेला काटेरी दात. पान उलटं केलं की मधल्या शिरेला बाजूच्या शिरा फुटतात त्या बेचक्यांत लव दिसते. मेंडोसिनो काउंटीपासून खाली मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत, समुद्राच्या दमट वाऱ्याचा पट्टा धरून तो वाढतो. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव क्वेर्कस ॲग्रिफोलिया. हिवाळ्यात ज्यांची पाने गळतात त्या ओकांपेक्षा हा वेगळा, बारा महिने हिरवा.

त्याचं सगळं गणित पावसाच्या वेळेत आहे. आपल्याकडे पाऊस उन्हाळ्याच्या पाठोपाठ येतो, त्यामुळे जमीन एकाच वेळी ऊबदार आणि ओली असते. वड, पिंपळ, आंबा यांची मुळं त्याच परिस्थितीत घडली आहेत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे थंडीत पडतो, आणि मे ते ऑक्टोबर जमीन कोरडी असते. तिथे ऊब आणि ओल निसर्गतः एकत्र येत नाहीत. मुळं कुजवणारे फायटोफ्थोरा आणि आर्मिलारिया हे दोन्ही शत्रू ऊबदार ओल्या मातीत फोफावतात. आर्मिलारिया तर बहुतेक जुन्या ओकांच्या मुळांवर आधीपासूनच असते, कोरडा उन्हाळा तिला आवरून धरतो. खोडालगत लॉन लावून जुलैत दिवसाआड फवारे सोडले की हा लगाम सुटतो. आधी शेंड्याकडची पानं विरळ होतात, मग खोडाच्या तळाशी काळपट रस पाझरतो, आणि साल उचकटली तर आत अळंब्यासारख्या वासाचा पांढरा पापुद्रा सापडतो. शरदातल्या पहिल्या पावसानंतर बुंध्याशी मधाच्या रंगाच्या छत्र्या उगवल्या, तर रोग बराच पुढे गेला आहे असं समजावं.

झाडाला पाणी घालणं हे आपल्याकडे पुण्याचं काम आहे, आणि मोठ्या झाडाभोवती पार बांधणं हा त्याचा सन्मान. लाइव्ह ओकला या दोन्ही गोष्टी मारक ठरतात. खोड जिथे रुंद होऊन मुळांत उतरतं तो भाग उघडा आणि कोरडा राहिला पाहिजे. पार बांधून किंवा फुलझाडांचा वाफा करून तिथे चार-सहा इंच माती चढवली की साल सतत दमट राहते आणि कुजायला लागते. ओकचं खोड सरळ खांबासारखं जमिनीत शिरताना दिसलं, तळाशी रुंदावलेलं दिसलं नाही, तर तिथे कधीतरी भराव पडला आहे हे नक्की. उपाय सोपा पण जपून करायचा: वसंतात, पाऊस सरल्यावर, हाताने आणि लहान खुरप्याने खोडाभोवती दोनेक फूट माती काढत जायचं, मोठ्या मुळांचा वरचा भाग दिसला की थांबायचं, आणि ती जागा परत भरायची नाही. मोठ्या फावड्याने साल सोलली जाते आणि रोगाला नवं दार मिळतं.

पाण्याचा नियम असा. खोडापासून दहा फुटांच्या आत उन्हाळ्यात पाणी नको. हिवाळ्यातच पाऊस कमी झाला तर त्याच महिन्यांत, फांद्यांच्या घेराखालच्या जमिनीच्या बाहेरच्या अर्ध्या भागात, जमीन दीड फूट खोल भिजेल असं एकदा-दोनदा पाणी द्यावं. इथे एक अपवाद आहे, आणि घाईने लॉन काढणारे नेमके त्यावर ठेचकाळतात. जो ओक लहानपणापासून लॉनमध्येच वाढला, त्याची मुळं वरवर पसरलेली असतात. त्याचं पाणी एका उन्हाळ्यात तोडलं तर तो ताणाने खचतो. दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करावं. लॉन काढतानाही यंत्राने जमीन उकरू नये, कारण पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या तीन फुटांतच असतात. गवतावर पुठ्ठे अंथरून वर ओकचाच पालापाचोळा किंवा लाकडाचा भुगा तीन-चार इंच टाकावा, खोडाजवळ एक फूट मोकळं ठेवून. व्यापारी आणि सार्वजनिक आवारांतल्या केवळ शोभेच्या हिरवळीला पिण्याचं पाणी घालणं बंद करणारा कायदा राज्याने २०२३ मध्ये केला, त्याची अंमलबजावणी २०२७ पासून टप्प्यांनी होणार आहे. पाण्याच्या दृष्टीने हा कायदा योग्यच आहे. मात्र ओकखालची हिरवळ कशी काढावी याच्या सूचना त्याच्यासोबत प्रत्येक आवारात पोचल्या नाहीत, तर पाणी वाचवताना झाडं गमवावी लागतील.

आता बांधकामाकडे. लॉस एंजलिस काउंटीच्या नियमात संरक्षित क्षेत्राची व्याख्या आहे: फांद्यांच्या घेरापुढे पाच फूट, किंवा खोडापासून पंधरा फूट, यांतलं जे जास्त असेल ते. म्हणजे जमिनीचा विचार कायद्याला अगदीच अपरिचित नाही. पण मुळं घेराच्या कितीतरी पुढे जातात. वृक्षतज्ज्ञ साधारणपणे घेराच्या त्रिज्येची दीडपट धरतात. पंचवीस फूट त्रिज्येच्या ओकखाली सुमारे १,९६० चौरस फूट जमीन येते, दीडपट त्रिज्या धरली की ती ४,४०० चौरस फुटांवर जाते. निम्म्याहून जास्त मुळांची जमीन सावलीच्या बाहेर असते आणि तिथेच सिमेंटचा ट्रक उभा राहतो, खडी उतरते, रंगाचे डबे धुतले जातात. एकदा दाबली गेलेली चिकणमाती वर्षानुवर्षं सैल होत नाही, तिच्यात हवा शिरत नाही आणि मुळं गुदमरतात. गटाराच्या पाइपसाठी झाडाच्या एका बाजूने तीन फुटांचा चर गेला की त्या बाजूची शोषक मुळं जवळजवळ सगळी जातात. झाड लगेच काही दाखवत नाही, साठवणीवर जगतं. पाहणी संपते, अनामत परत मिळते, घर विकलं जातं. मग सातव्या वर्षी नवा मालक वाळलेल्या फांद्या बघतो आणि दोष दुष्काळाला देतो.

हे टाळणं अशक्य नाही, फारसं महागही नाही. काम सुरू होण्याआधी त्या पूर्ण परिघावर पक्कं कुंपण घालावं, नारिंगी फीत नव्हे, कारण फीत पहिल्याच आठवड्यात बाजूला होते. नळ-तारा चर न खणता तीन फुटांखालून आडवं भोक पाडून न्याव्यात. मुळांच्या जागेत घर येतच असेल तर सलग पाया न घेता खांबांवर तुळया टेकवाव्यात आणि प्रत्येक खांबाचा खड्डा हाताने खणून, जाड मूळ लागलं तर खांब सरकवावा. कॅलिफोर्नियाला घरांची फार मोठी टंचाई आहे, लोक भाड्याने पिचले आहेत, आणि ओकच्या नावाखाली स्वस्त घरांना विरोध करणारे संपन्न शेजारी मी पुरेसे पाहिले आहेत. म्हणूनच मला खोडाच्या मापापेक्षा जमिनीचा नियम न्याय्य वाटतो. तो ‘बांधू नका’ म्हणत नाही, ‘असं बांधा’ म्हणतो, आणि तीच अट बंगल्याच्या नव्या पोहण्याच्या तलावालाही लागू होते.

झाड तोडायचंच ठरलं तर बदल्यात दोन लावा, ही अट ऐकायला बरी वाटते. प्रत्यक्षात काय होतं? रोपवाटिकेतून मोठ्या लाकडी खोक्यात वाढवलेली झाडं येतात. ओक उगवताच आधी खाली सोटमूळ सोडतो, पान नंतर. खोक्यात ते मूळ तळाला लागून गोल फिरतं आणि पुढे जन्मभर तसंच राहतं. असं झाड ठिबकच्या नळीवर तगतं, नळी बंद झाली की मागे पडतं. शिवाय दोन झाडं एखाद्या पार्किंगच्या कडेला लावली म्हणून ओकवनाची भरपाई झाली असं कसं म्हणायचं? जानेवारी २०११ मध्ये लॉस एंजलिसजवळच्या आर्केडियात खुद्द लॉस एंजलिस काउंटीनेच धरणाचा गाळ टाकण्यासाठी अकरा एकरांतले १७९ लाइव्ह ओक आणि ७० सिकॅमोर तोडले. काही लोक झाडांवर चढून बसले, त्यांना उतरवून अटक झाली. तिथली जमीन गाळाखाली गेली, आणि जमीनच गेल्यावर कोणत्या प्रमाणात झाडं लावायची हा हिशेब निरर्थक होतो. २०१६ मध्ये सॅन लुईस ओबिस्पो काउंटीत द्राक्षमळ्यासाठी डोंगरउतारावरचे ओक मोठ्या प्रमाणावर तोडले गेले, तेव्हा कुठे त्या काउंटीने २०१७ मध्ये ओकवनाचा कायदा केला. तो कायदा सुटं झाड न धरता वनाचं क्षेत्र धरतो. इतर काउंट्यांनी घ्यावा असा हा धडा आहे.

वनाचं क्षेत्र धरायचं कारण ओकभोवतीच्या जीवांत आहे. कॅलिफोर्नियातल्या ओकवनांचा आधार घेणाऱ्या पृष्ठवंशी प्राण्यांच्या जाती तीनशेहून अधिक आहेत. एकॉर्न, म्हणजे ओकचं टोपीवालं फळ, हे त्यांचं धान्य. एकॉर्न वुडपेकर नावाचा सुतारपक्षी कुटुंबाने राहतो आणि एका जुन्या खोडात हजारो भोकं पाडून प्रत्येकात एकेक फळ ठोकून बसवतो. स्क्रब जे हा निळा पक्षी एका हंगामात हजारोंनी एकॉर्न जमिनीत पुरतो, त्यातली विसरलेली उगवतात. डोंगरावर ओक चढतो तो याच्या चोचीतून. माणसाने लावलेली रांग या दोघांना उपयोगी पडायला कित्येक दशकं जावी लागतात.

रोगाच्या बाबतीतही एकट्या झाडाकडे बघून भागत नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यात मरिन काउंटीत ओक आणि त्याचा नातलग टॅनओक अचानक मरू लागले. कारण सापडलं ते फायटोफ्थोरा रॅमोरम, ज्याला शास्त्रीय नाव २००१ मध्ये मिळालं. रोपवाटिकांतल्या ऱ्होडोडेंड्रॉन आणि कॅमेलियांवरून तो पसरला. ओकवनात त्याचा मुख्य अड्डा आहे तिथेच वाढणाऱ्या बे लॉरेल या झाडाची पानं. पानं फक्त टोकाशी करपतात, झाड मरत नाही, पण वसंतातल्या ऊबदार पावसात तिथून बीजाणू उडून ओकच्या खोडावर पडतात. ओकच्या खोडावर नवे बीजाणू तयार होत नाहीत. म्हणून आजारी ओक तोडून साथ थांबत नाही. खोडापासून पंधरा ते तीस फुटांच्या आतल्या बे लॉरेलच्या फांद्या किंवा झाडं काढली तर धोका खरोखर कमी होतो. फॉस्फोनेट या औषधाचं इंजेक्शन किंवा खोडावरची फवारणी निरोगी झाडाला आधीच दिली तर उपयोगी, रोग शिरल्यावर नाही. आणि ओकखाली सावलीत शोभतात म्हणून कॅमेलिया लावणं दुहेरी चूक आहे: त्यांना उन्हाळी पाणी लागतं, आणि त्या रोगाच्या वाहकही असतात. दक्षिणेत सोनठिपक्यांचा भुंगा ॲरिझोनाकडून, बहुधा जळणाच्या लाकडातून आला. सॅन डिएगो काउंटीत तो २००४ मध्ये सापडला, ओक मरण्याशी त्याचा संबंध २००८ मध्ये कळला. कॅम्पिंगला जाताना घरचं लाकूड गाडीत टाकू नये, जिथे जाळायचं तिथेच विकत घ्यावं.

याउलट, कधीतरी ओकमॉथच्या अळ्या अख्खं झाड खाऊन बोडकं करतात तेव्हा लोक घाबरून औषध मारतात. निरोगी ओक काही आठवड्यांत पुन्हा पालवतो. तिथे काहीच करू नये.

आगीचा मुद्दा सर्वांत नाजूक. युरोपीय येण्याआधी हजारो वर्षं ओलोनी, चुमाश, मिवोक, कुमेयाय अशा अनेक आदिवासी समाजांचं मुख्य अन्न एकॉर्न होतं. फळं सुकवायची, फोडायची, आतलं साल पाखडायचं, खडकातल्या उखळांत कुटायचं, पीठ वाळूच्या खळग्यात पसरून पाणी ओतत राहायचं, तुरटपणा देणारं टॅनिन निघून जाईपर्यंत. मग घट्ट विणलेल्या टोपलीत तापवलेले दगड टाकून पेज शिजवायची. याच लोकांनी ओकखालची जमीन ठरावीक काळाने हलक्या आगीने जाळली. त्याने किडक्या फळांतल्या अळ्या मरत, झुडपं वाढत नसत, आणि मोठी आग शेंड्यापर्यंत चढायला शिडीच राहत नसे. १७९३ मध्ये स्पॅनिश गव्हर्नर अरियागाने या जाळण्यावर बंदी घातली, १८५० मध्ये अमेरिकी राज्याच्या कायद्याने तिला शिक्षा जोडली. दोन शतकांची बंदी आणि साठलेलं जळण यांचं फळ आज दिसतं आहे. २०२४ मध्ये राज्याने आदिवासी राष्ट्रांना करार करून सांस्कृतिक आग लावण्याचा मार्ग मोकळा केला. तो उशिरा का होईना, बरोबर आहे.

घरांजवळ अशी आग लावता येत नाही, आणि म्हणून तिथे भीतीने झाडंच काढण्याकडे कल वाढतो आहे. २०२० च्या कायद्याने आगीचा मोठा धोका असलेल्या भागांत घराभोवतीचे पहिले पाच फूट जळण्याजोग्या वस्तूंपासून मोकळे ठेवायचं ठरवलं. त्याचे तपशील रेंगाळले आणि जानेवारी २०२५ च्या पॅलिसेड्स व ईटन आगींनंतर वाद पेटला: त्या पाच फुटांत उभ्या जुन्या ओकचं काय? ईटन आगीत सापडलेल्या आल्टाडेना गावात ठिकठिकाणी घर जळून राख झालं आणि शेजारचा ओक करपलेल्या पानांनिशी उभा राहिला, हे विसरू नये. घरं पेटतात ती बहुतेकदा उडत्या निखाऱ्यांनी, जाळ्या नसलेल्या झरोक्यांतून आणि पालापाचोळ्याने भरलेल्या पन्हळींतून. खालचं झुडूप, लाकडी कुंपण, भिंतीला लागलेला भुगा काढायलाच हवा. फांद्या छपरापासून उचलाव्यात, धुराड्यापासून दहा फूट दूर ठेवाव्यात, जमिनीपासून सहा फूट मोकळं करावं, तेही जुलै-ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत आणि एका वेळी हिरव्या घेराच्या पाचव्या भागापेक्षा कमी. त्याहून जास्त छाटलं की खोडावर कोवळे धुमारे फुटतात आणि त्यांवर भुरी बसते. पूर्ण वाढलेला, असा राखलेला ओक त्या पाच फुटांतही ठेवू द्यावा, असं नियमात स्पष्ट लिहावं. विमा कंपन्यांनीही तेच मानावं.

जळालेला ओकही घाईने तोडू नये. लाइव्ह ओकची साल जाड असते आणि तिच्याखाली सुप्त डोळे असतात. काळ्या पडलेल्या खोडातून पुढच्या वसंतात, कधी त्याच्याही पुढच्या, पालवी फुटते. शंका असेल तर सालीची नखाएवढी खिडकी कापून पाहावी: आतला थर ओलसर, पांढरट-गुलाबी असेल तर झाड जिवंत आहे, तपकिरी आणि सुका असेल तर तो भाग गेला. मलबा उपसणाऱ्या कंत्राटदाराच्या एका नजरेवर हा निर्णय सोपवता कामा नये. वृक्षतज्ज्ञाची लेखी पाहणी आणि दोन वाढीचे हंगाम थांबणं, ही अट आगीनंतरच्या सफाईच्या प्रत्येक करारात असावी.

उरलं रोप. निळा ओक आणि व्हॅली ओक यांची नवी पिढी राज्याच्या बऱ्याच भागांत पुरेशी उभी राहत नाही. लाइव्ह ओकची स्थिती थोडी बरी आहे, पण गावात त्याचं प्रत्येक रोप गवत कापण्याच्या यंत्राखाली जातं, कारण खोड ठरलेल्या मापाइतकं होईपर्यंत ते कायद्याच्या लेखी तणच असतं. ओक लावून आपल्याला काय दिसणार, हा आक्षेपही तितकासा खरा नाही. ओकलंडच्या सिटी हॉलसमोरचा ओक १९१७ मध्ये लेखक जॅक लंडनच्या स्मरणार्थ लावला, आज तो शहराचं चिन्ह आहे. भरपाईच्या अटीत खोक्यातल्या दोन झाडांऐवजी बियांपासूनची वीस रोपं आणि त्यांची सात वर्षं राखण लिहिली तर खर्च फार वाढणार नाही.

पद्धत अशी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जवळच्याच झाडांवरून, टोपी सहज सुटत असलेली, भोक नसलेली एकॉर्न घ्यावीत. रात्रभर पाण्यात ठेवावीत, तरंगतील ती टाकावीत. पहिला चांगला पाऊस झाल्यावर, जमीन भिजली असताना, इंचभर खोल आडवी पुरावीत, कोंब आला असेल तर त्याचं टोक खाली. एका आळ्यात दोन-तीन पेरून पुढे एक जोमदार ठेवावं. खालून गोफर हा बिळात राहणारा उंदरासारखा प्राणी मुळं कुरतडतो, म्हणून आळ्यात तारेच्या जाळीची टोपली बसवावी. वरून हरिण खातं, म्हणून चार फुटी नळकांडं किंवा जाळी लावावी. आणि सर्वांत महत्त्वाचं, चार फूट व्यासाचं वर्तुळ तीन वर्षं तणमुक्त ठेवावं. बहुतेक रोपं मरतात ती परदेशी गवताने वसंतातच ओल ओढून घेतल्यामुळे. पहिले दोन-तीन उन्हाळे महिन्यातून एकदा खोल पाणी पुरतं. त्यानंतर नळी काढून न्यावी.